आप्पांची वही आणि केंद्राची फाइल

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय सुरेश,

तुझा कालचा निरोप वाचला. हवामान केंद्राची फाइल एक्सेलमध्ये उघडलीस आणि समोर नुसती खिचडी आली, असं म्हणालास. फोनवर सांगून हे डोक्यात बसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. आप्पांच्या पावसाच्या वहीशी ते आकडे ताडून बघायचे असं तू म्हणालास, तेव्हापासून मलाही चैन नाही.

ती फाइल नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या, जीएचसीएन-डेली या दैनिक नोंदींच्या साच्यातली आहे. तिच्यात स्वल्पविराम नाहीत की टॅब नाहीत, सगळा हिशोब अक्षरं मोजण्याचा. एक ओळ म्हणजे एका घटकाचा (पाऊस, तापमान असं काही) एक महिना, २६९ अक्षरं. पहिली ११ अक्षरं केंद्राची ओळख, मग ४ वर्षाची, २ महिन्याची, ४ घटकाची. पाऊस असेल तर तिथे ‘पीआरसीपी’. पुढे दिवसांची ३१ घरं, प्रत्येक ८ अक्षरांचं: ५ आकड्याला, ३ खुणांना. फेब्रुवारीलाही ३१ घरं. जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९९.

मी पहिल्यांदा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, मोकळी जागा दिसेल तिथे ओळ तोडणारं ‘स्प्लिट’ सरळ वापरलं आणि फसलो. नोंद असलेल्या दिवसाचे दोन तुकडे होत, आकडा आणि खूण. रिकाम्या दिवसाचा एकच. एक दिवस रिकामा गेला की पुढचे सगळे सरकले. त्यात ‘एस’ ही खूण आणि पुढच्या दिवसाचं उणे ९९९९ चिकटून बसतात, मध्ये जागाच नसते. तिथे पायथनने त्रुटी दाखवली, तर मी त्रुटी गिळणारी ओळ लिहून पुढे गेलो. जुलैची बेरीज दिसायला ठीक होती, म्हणून दोन दिवस तीच खरी धरली.

तू तसं करू नकोस. ओळ कापूनच घे. पायथन शून्यापासून मोजतं, म्हणून दिवसातून एक वजा कर, आठने गुण, त्यात २१ मिळव. तिथून पाच अक्षरं म्हणजे तुझा आकडा. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा ‘स्ट्रिप’ने उडवू नकोस, नाहीतर ३१ तारखेच्या खुणाच जातील. आणि आकडा दशांश मिलिमीटरमध्ये असतो, दहाने भागायचा. सांताक्रूझचा २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस या साच्यात ९४४० असा लिहावा लागेल.

तीन खुणांतली मधली गुणवत्तेची. ती रिकामी असेल तरच आकडा घे. अक्षर असेल तर तो तपासणीत नापास झालाय. तिसरी, आकडा कुठून आला ते सांगते. तिथे ‘एस’ असेल तर जपून. तो आकडा दर काही तासांच्या निरोपांवरून जुळवलेला असतो आणि पावसाच्या बाबतीत खऱ्या दैनिक नोंदीपेक्षा बराच वेगळा निघू शकतो, असं फाइलबरोबरच्या माहितीपत्रकातच लिहिलंय.

आता माझ्या मनातली गोष्ट. आप्पा कोरड्या दिवशी शून्य लिहीत आणि गावाला गेले असतील त्या दिवशी आडवी रेघ मारत, आठवतं? लहानपणी मला दोन्ही एकच वाटायचं. त्या फाइलमधलं उणे ९९९९ म्हणजे आप्पांची आडवी रेघ. स्क्रिप्टमध्ये त्याचं शून्य करू नकोस, ‘नन’ (पायथनमध्ये ‘काहीच नाही’) ठेव आणि महिन्याच्या बेरजेशेजारी किती दिवसांची नोंद आहे तेही छाप. ३१ पैकी २२ दिवसच असतील तर त्या बेरजेला जुलैचा पाऊस म्हणायचं नाही. आप्पांनी भर पावसात मापकापर्यंत जाऊन लिहिलेल्या आकड्यांसमोर आपण अर्धवट बेरीज मांडली, तर मला ते सहन होणार नाही.

आणखी एक. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आप्पा किती वाजता मापत, ते काकूंना विचारून ठेव. नाहीतर दोन्ही नोंदी बरोबर असूनही एक दिवस पुढे-मागे दिसतील.

स्क्रिप्ट रात्री पाठवतो. चालवायच्या आधी एक महिना पेन्सिलने मोजून बघ. पुढच्या शनिवारी येताना वही प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून आण, २००५ च्या जुलैचं पान आधी काढू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश