त्या सकाळी गाडी लांब थांबवणाऱ्या दादांचे आभार

प्रिय दादा,

केनियात, मासाई माराच्या अभयारण्यात, त्या सकाळी मी तुमच्यावर चिडलो होतो. वायरलेसवर ‘दुमा, दुमा’, म्हणजे स्वाहिलीत चित्ता, असं ऐकू आलं, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत सुटल्या आणि तुम्ही मात्र लांबच थांबून इंजिन बंद केलंत. एवढे पैसे भरून लांबूनच बघायचं का, असं मी बोलूनही गेलो. तुम्ही उलटून बोलला नाहीत. दुर्बीण माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘पळणं नंतर बघा, आधी तिचे डोळे बघा.’

ती वारुळावर बसली होती. अर्धा तास नुसती बघत होती. डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या त्या काळ्या रेषा, आणि क्षितिजावरून सावकाश फिरणारी नजर. चित्त्याच्या डोळ्यातल्या पडद्यावर दृष्टिपेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, म्हणून सगळा माळ त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसतो, हे तुम्ही हवेत बोटाने आडवी रेघ ओढून समजावलंत. तो वासावर माग काढत बसत नाही, त्याची भिस्त नजरेवर. शिकारही बहुतेक दिवसाउजेडी, सिंह आणि तरस सुस्तावलेले असताना. ‘आपली गाडी मध्ये आली तर तिची सकाळ फुकट गेली,’ एवढंच म्हणालात. माझा राग तिथेच उतरला.

मग ती खाली उतरली. डोकं खांद्याच्या रेषेत, पोट गवताला लागलेलं. थॉमसन हरणाने मान वर केली आणि तिचा पुढचा पाय हवेतच थांबला. तो अधांतरी पंजा मला अजून दिसतो. हरणाने पुन्हा गवतात तोंड घातलं, तेव्हा कुठे तो टेकला.

धाव तर काही सेकंदांचीच. पण तुम्ही सांगितल्यामुळे मी डोकं बघत राहिलो. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकत होता, शेपूट वळणावर इकडून तिकडे फिरत होती, आणि डोकं मात्र जागच्या जागी धरल्यासारखं स्थिर, नजर हरणावरच. तोल सांभाळणारा आतला कान चित्त्यात फार विकसित असतो, हे तुमच्याकडूनच कळलं. गळा धरून झाल्यावरही तिने लगेच खाल्लं नाही. धापा टाकत चहूकडे बघत राहिली, कुणी हिसकावायला येतंय का म्हणून.

परतताना मी तुम्हाला आमच्या कोल्हापूर संस्थानातल्या शिकारी चित्त्यांबद्दल सांगितलं. डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना गाडीतून माळावर नेत, काळवीट दिसलं की टोपी काढत. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, ‘म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, सगळं डोळ्यांत आहे.’

मारात जिथे पर्यटकांची गर्दी जास्त, तिथे चित्त्यांची फार कमी पिल्लं जगतात, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मी नंतर वाचलं. तुम्ही ते अंतर कुठल्याही अभ्यासाशिवाय, टिपेची पर्वा न करता पाळत होतात. मनापासून आभार, दादा. आसांते साना.

पुढच्या महिन्यात आमचे शेजारी माराला येताहेत. त्यांना तुमचा नंबर दिलाय, आणि गाडी लांब थांबली तर रुसू नका, हेही सांगून ठेवलंय.