मावशी, तुमची फणी माझ्याकडे आहे

प्रिय मावशी,

तुमचं नाव मला माहीत नाही. सगळे तुम्हाला मावशीच म्हणत होते आणि त्या किटमध्ये डोळे सोडले तर तुमचं काही दिसत नव्हतं. उद्या एसटीत शेजारी बसलात तरी मी ओळखणार नाही. आवाज मात्र ओळखेन. साताऱ्यातल्या त्या कोविड वॉर्डात १३ मे २०२१ ला, आखितीच्या आदल्या दिवशी, १४ नंबरच्या बेडवरची जी म्हातारी गेली, तिची मी मुलगी. म्हातारी म्हटलेलं आईला अजिबात आवडलं नसतं. ६७ वर्षांची होती आणि केस कमरेच्या खाली होते.

त्या केसांबद्दलच लिहायचं आहे. दर रविवारी शिकेकाई, मग अंगणात उन्हाकडे पाठ करून बसणं, मग खोबरेल आणि अंबाडा. अण्णा गेल्यावर तिनं बरंच काही सोडलं, केसांची निगा सोडली नाही. दवाखान्यात पहिली दशा झाली ती केसांचीच. मास्कचे पट्टे डोक्यामागून आवळलेले, तासन् तास पालथं झोपायचं, वर ताप आणि घाम. व्हिडिओ कॉलवर दिसली तेव्हा डोक्यावर नुसता गुंता होता. ऑक्सिजन किती आहे ते विचारायचं सोडून मी "आईचे केस बघ रे" म्हणून रडायला लागले. भाऊ चिडला. तोही पॉझिटिव्ह, मळ्यातल्या खोलीत एकटा पडलेला.

तुमच्याकडे यायच्या आधी ती दोन दिवस एका खासगी दवाखान्यात होती. नाव घेत नाही. डिपॉझिट भरेपर्यंत तिथं ताई, बसा, पाणी घ्या असं चाललं होतं. नंतर रेमडेसिव्हिरच्या चिठ्ठ्या तेवढ्या हातात पडत गेल्या आणि दुसऱ्या रात्री अकरा वाजता "आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही, बेड दुसरीकडे बघा" म्हणून मोकळे झाले. व्हेंटिलेटर पहिल्या दिवशी होता का? असो. भावकीचंही फार सांगत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हात जोडलेले ३२ जण मोजले मी, माहुलीच्या स्मशानात त्यातलं कोणी नव्हतं. भीती खरी होती, मलाही होती, म्हणून त्याचा राग नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ५० हजारांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं, तेव्हा "फॉर्म भरला का गं?" म्हणून पहिला फोन त्यांच्यातूनच आला. त्याचा राग आहे.

त्या पहाटे मी तुमच्या दारात उभी होते. तिथल्या साहेबांनी सांगितलं, चेहरा दाखवता येणार नाही, नियम आहे. मी वाद घातला नाही. अंगात तेवढा जीवच नव्हता. तेव्हा मागून तुमचा आवाज आला, "आवं सायेब, पोरगी हाय तिची. तोंड तरी बघू द्या की. चेन मी उघडते, तुम्ही नगा जवळ येऊ."

गळ्यापर्यंत पिशवीची चेन उघडलीत. तोंड सुजलेलं, नाकावर मास्कचा काळानिळा वळ. क्षणभर वाटलं, ही आई नाहीच, दुसऱ्याच कुणाला दाखवतायत. त्या दिवसांत तसं घडल्याचं ऐकत होतोच. मग वेण्या दिसल्या. मधोमध भांग पाडून घातलेल्या दोन वेण्या, दोन्ही पुढे घेतलेल्या, आणि शेवटाला बँडेजच्या पट्टीची फुलं. शाळेतल्या मुलीला घालतात तशी रिबिनीची फुलं. दोन वेण्यांतली आई मी फक्त एका फोटोत पाहिली होती, तिच्या सातवीच्या वर्गाच्या. तिथून ओळख पटली.

तुम्ही विचारलंत, "बघितलंस? झाकू?"

पंधरा दिवसांत आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं. सही करा, पैसे भरा, थांबा, पुढे व्हा, एवढंच. तुम्ही विचारलंत आणि मी मान हलवेपर्यंत चेनला हात लावला नाहीत.

खूप नंतर वाचलं की केंद्राच्या आरोग्य खात्याच्या सूचना अगदी सुरुवातीपासून, १५ मार्च २०२० पासून, चेहरा दाखवायला परवानगी देत होत्या. कर्मचाऱ्यानं काळजी घेऊन पिशवी तोंडाकडून उघडावी, नातेवाइकांना शेवटचं बघू द्यावं, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे नियम तुमच्या बाजूनं होता, मावशी. तुम्ही तो वाचला असेल असं वाटत नाही. साहेबांनीही वाचलेला नव्हता.

माहुलीला आम्ही तिघं होतो. अण्णांच्या वेळी अर्धं गाव होतं. त्याबद्दल आज नको.

सहा दिवसांनी सामानाची पिशवी मिळाली. भावानं ती आठ दिवस गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात टाकली आणि मग काठीनं उघडली. आईचा मोबाइल नव्हता, चांदीची अंगठी नव्हती. चष्मा होता, साडी होती, आणि एक लाल प्लास्टिकची फणी, तीन दात मोडलेली. आमच्या घरातली नव्हतीच ती. भाऊ फेकून देत होता. त्याच्या हातातून मी का काढून घेतली, मलाही सांगता यायचं नाही.

उलगडा झाला दिवाळीत. आईच्या शेजारच्या बेडवर कोरेगावकडच्या एक काकू होत्या, त्या बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. नंबर कुठून तरी मिळवून त्यांनी फोन केला. केस कापायला कात्री आली होती म्हणाल्या. सिस्टरांना मी दोष देत नाही, एवढ्या पेशंटांमागे दोघीच होत्या आणि पट्टे गुंत्यात अडकून मास्क सैल होत होता. पण तुम्ही आडव्या आलात. "बाईमाणसाचे केस इचारल्याबिगर कापायचे न्हाईत." आणि ड्यूटी संपल्यावर, घरी जायच्या वेळी, त्याच घामाघूम किटमध्ये तास-दीड तास बसून गुंता काढलात. हातमोज्यांना केस चिकटत होते म्हणे. एक वेणी पाठीखाली रुतते, म्हणून दोन घातल्यात.

मग आईनं खुणेनं आरसा मागितला. आरसा कुठला असणार तिथं! काकूंनी मोबाइलचा कॅमेरा फिरवून धरला. तुम्ही म्हणालात, "चला, आता शाळेत सोडून येऊ." आणि आई मास्कच्या आत हसली. "हसली गं, खरंच हसली, डोळ्यांतून कळत होतं," काकू पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ती जायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. तोवर माझ्या डोक्यात तिचा शेवट म्हणजे तो सुजलेला चेहराच होता. आता त्याच्या अलीकडे तिचं हे हसणं आहे. मावशी, तुम्ही मला काय दिलंत, तुम्हाला कल्पना नाही.

मी तुम्हाला शोधलं. २०२२ च्या फेब्रुवारीत गेले, तर वॉर्ड बंद झाला होता. टेबलावरचा माणूस म्हणाला, मावश्या कंत्राटी होत्या, एजन्सीच्या, आमच्याकडे यादी नसते. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता बाल्कनीत उभी राहून मीही थाळी वाजवली होती. फार जोरात वाजवली होती. परत येताना गाडीत तेच आठवत होतं. कोरोनात माणुसकी मेली असं आमच्यात अजून कुणी म्हणालं की मी वाद घालते. तुमचंच उदाहरण देते आणि नाव विचारलं की गप्प होते.

फणी माझ्या कपाटात आहे. तिच्यात आईचे चार-पाच लांब केस अडकलेत, ते काढायला हात होत नाही. हे पत्र कुणी तुम्हाला वाचून दाखवलं, तर या. दोन नव्या फण्या देईन, चांगल्या लाकडी. ही मात्र परत मागू नका.

तुमची,
१४ नंबरची मुलगी