इंजिनाला ‘का?’ विचारायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

बुद्धिबळात प्याद्यांच्या एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, इंजिनाकडून (चाली शोधणाऱ्या संगणक प्रोग्रामकडून) उत्तर कुणालाही मिळतं. त्याच्याकडून कारण कसं काढून घ्यायचं, ते तुम्ही मला शिकवलंत, आणि त्यासाठी हे आभारपत्र. जाहीरपणे लिहितोय, कारण तुम्ही दाखवलेली पद्धत माझ्यापुरती राहू नये असं मनापासून वाटतं. स्टॉकफिश नावाचं इंजिन आज फुकट मिळतं, त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे. पण पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली की त्या इंजिनासमोर बसून नेमकं काय करायचं, हे उलगडून सांगणारं माणूस क्वचितच भेटतं. मला तुम्ही भेटलात.

आपण रिचर्ड रेटीच्या १९२१ सालच्या रचनेपासून, म्हणजे कोड्यासारख्या मांडलेल्या स्थितीपासून, सुरुवात केली होती (घरांची नावं: स्तंभ ए ते एच, ओळी १ ते ८). पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५, चाल पांढऱ्याची. काळ्याचं प्यादं पळत सुटलंय आणि पांढरा राजा त्याच्यापासून दोन पावलं मागे. पटावर चारच मोहरे, त्यामुळे संगणक क्षणात ‘बरोबरी’ म्हणतो आणि राजा जी७ ही चाल दाखवतो. बहुतेक जण इथे ‘वा!’ म्हणतात आणि पुढची रचना उघडतात. तुम्ही मला थांबवलंत. काळ्याचे दोन बचाव वेगवेगळे मांडायला लावलेत. आधी राजा जी७, प्यादं एच४, राजा एफ६, राजा बी६, राजा ई५ आणि मग काळ्याने सी६ वरचं प्यादं मारलं तर राजा एफ४, म्हणजे काळं प्यादं हाती लागलं. मग दुसरा: राजा ई५ नंतर काळ्याने प्यादं एच३ वर ढकललं तर राजा डी६, आणि पांढऱ्याचंही प्यादं वजीर होतं. हे झाल्यावर तुमचा प्रश्न आला: “ई५ वर उभा असलेला राजा कुठे चाललाय?” दोन्हीकडे. तिरक्या वाटेने चालल्यामुळे त्याचं एकही पाऊल वाया गेलेलं नाही. इंजिनाच्या पडद्यावर ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते. दोन शाखा शेजारी-शेजारी ठेवल्या की ती आपोआप दिसते.

तुमची दुसरी सवय मी पूर्णपणे उचलली आहे: कुठलीही स्थिती आली की ती दोनदा मांडायची, एकदा पांढऱ्याची चाल म्हणून आणि एकदा काळ्याची. पांढरा राजा एफ५, प्यादं ई४. काळा राजा डी४, प्यादं ई५. इथे ज्याची पाळी तो हरतो. दोघेही आपलं प्यादं राखत समोरच्या प्याद्यावर डोळा ठेवून उभे आहेत, आणि चाल करावीच लागत असल्यामुळे एकाला बाजूला व्हावं लागतं. झुगझ्वांग, म्हणजे चाल करावी लागणंच घातक ठरणं, हे नुसत्या व्याख्येने कळत नाही, पाळी बदलून उत्तर उलटं होताना पाहिलं की कळतं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक आकृतीखाली दोन उत्तरं असतात. ती दोन वेगळी निघाली की समजायचं, डावाचा जीव या घरात आहे, खोदायचं ते इथेच.

याच ओघात तुम्ही इंजिनाच्या आतलं जे सांगितलंत, ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वेळ वाचवण्यासाठी इंजिन एक आडमार्ग वापरतं: आपली चाल सोडून दिली असं धरायचं, आणि तरीही स्थिती भक्कम दिसली तर त्या फांदीत खोल शिरायचं नाही. डावाच्या मध्यात हे उत्तम चालतं, कारण तिथे चाल सोडणं जवळजवळ नेहमीच तोट्याचं असतं. झुगझ्वांगमध्ये मात्र चाल सोडता आली असती तर सुटकाच झाली असती! म्हणजे आडमार्ग नेमका तिथेच फसवा ठरतो. म्हणून स्टॉकफिश चाल करणाऱ्याकडे राजा आणि प्यादी एवढंच उरलं असेल तर तो वापरत नाही. हे कळल्यावर इंजिनाबद्दलचा माझा विश्वास कमी झाला नाही, उलट डोळस झाला.

आणि लास्कर-राइखहेल्म! त्या स्थितीवर तुम्ही माझ्यासाठी जेवढा वेळ दिलात, त्याचे आभार कसे मानावेत मला खरंच कळत नाही. लास्कर आणि राइखहेल्म या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी १९०१ सालची ही रचना. पांढरा राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. एकही प्यादं हलू शकत नाही, चालतात ते फक्त दोन राजे. पांढऱ्याला आत घुसायला दोनच दरवाजे आहेत: डावीकडून बी५, उजवीकडून एच४ गाठून पुढे. आणि जिंकणारी पहिली चाल एकच, राजा बी१. बी२ वर गेला तर काळा राजा ए८ वर सरकतो आणि डाव बरोबरीत सुटतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही निव्वळ जादू वाटली होती. इतक्या दूर, एका घराचा फरक, आणि त्यावर सगळा डाव?

इथे नऊ मोहरे आहेत, त्यामुळे टेबलबेसचं (कमी मोहऱ्यांच्या स्थितींचे निकाल आधीच मोजून ठेवलेल्या कोष्टकाचं) तयार उत्तर नाही, इंजिनाला शोधावंच लागतं. आजची इंजिनं ते फार पटकन शोधतात, आणि का शोधू शकतात तेही तुम्ही समजावलंत. राजांच्या फेऱ्यांच्या वाटा अगणित असल्या तरी प्यादी जागची हलत नाहीत तोवर वेगवेगळ्या स्थिती थोड्याच असतात: रिकामी घरं सत्तावन्न, राजे दोन, पाळी दोनपैकी एकाची. सगळं धरून हिशेब साडेसहा हजारांच्या आतच राहतो. एकदा तपासलेली स्थिती इंजिन आपल्या हॅश टेबलमध्ये लिहून ठेवतं आणि दुसऱ्या वाटेने तिथेच पोचलं तर पुन्हा मोजत नाही. म्हणूनच ही जुनी रचना कितीतरी प्रोग्रामरांनी हॅश टेबलची कसोटी म्हणून वापरली आहे.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत, आणि माझ्या मते तुमचं मोठेपण याच्यात आहे. “इंजिनाला राजा बी१ सापडली, आता तुम्हाला सापडू दे,” असं म्हणून तुम्ही दरवाजापासून मागे चालायला लावलंत. पांढरा राजा सी४ वर असेल तर काळ्याला बी६ हवं, तिथून बी५ राखलं जातं. पांढरा डी३ वर असेल तर तो सी४ कडेही वळू शकतो आणि ई३ वरून उजवीकडेही धावू शकतो, म्हणून काळा सी७ वरच हवा: तिथून बी६ एका पावलावर आणि उजवीकडची धावही वेळेत जमते. मग पांढरा सी३ वर? तिथून सी४ आणि डी३ दोन्ही एका चालीत. तेव्हा काळ्याला बी६ आणि सी७ दोन्हींना लागून असलेलं घर हवं, आणि तसं मोकळं घर एकच, बी७. सी६ वर तर डी५ च्या प्याद्याचा पहारा आहे. अशा जोड्या एकेक करून मागे नेत गेलो, आणि प्रत्येक जोडी इंजिनात पाळी बदलून पडताळली. सी३-बी७ मध्ये पांढऱ्याची चाल असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. डी२ ला सी८, सी२ ला बी८. नकाशा मागे-मागे पसरत गेला आणि बी१ पर्यंत पोचल्यावर ती जादू उरली नाही. हिशेब उरला, आणि तो हिशेब जादूपेक्षा सुंदर आहे.

टेबलबेसबद्दल तुमचं मत मी आता इतरांनाही सांगतो. रोनाल्ड डी मान यांच्या सिझिजी टेबलबेसमध्ये, राजे धरून, सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचा निकाल पक्का आहे. तो सातचा संच २०१८ साली पुरा झाला आणि १६ टेराबाइटांहून मोठा आहे. पाचपर्यंतचा मात्र एका गिगाबाइटमध्ये मावतो आणि शिकायला तो पुरतो. त्यांचा निकाल अंतिम, यात वाद नाही. पण तिथे मोजलेलं अंतर पुढच्या प्याद्याच्या चालीपर्यंतचं किंवा मारामारीपर्यंतचं असतं. त्यामुळे सगळ्यात वर दिसणारी चाल ही सगळ्यात सोपी किंवा शिकण्याजोगी चाल असेलच असं नाही. पाचपैकी चार चाली जिंकत असतील तर आपली समजूत ज्या चालीत बसते ती निवडायची, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

त्याहून उपयोगी पडली ती सरकवण्याची युक्ती. पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८: पाळी कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. हीच आकृती एक घर खाली आणा, म्हणजे राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७, की सगळं पाळीवर येतं: काळ्याची चाल असेल तर जिंकणं, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. आणि पहिलीच आकृती कडेच्या एच स्तंभावर नेली की पाळी कुणाचीही असो, बरोबरी. नियम पाठ करायला सांगण्याऐवजी तुम्ही मला तो पटावर ढकलून-ढकलून त्याची हद्द शोधायला लावलीत. दोन राजे आणि एक प्यादं एवढ्यांच्या सगळ्या स्थिती, डावी-उजवी बाजू सारखी धरून, १,९६,६०८ होतात आणि एक-एक बिट दिलं तर २४ किलोबाइटमध्ये बसतात. इंजिनाला ते कोष्टक पुरतं. माणसाला हद्द कळावी लागते.

मोठ्या एंडगेमबद्दलची तुमची एक सूचनाही इथे नोंदवतो, कारण ती मला रोज लागते. इंजिन पांढऱ्याला दीड-दोन प्याद्यांचा फायदा दाखवतंय, पण खोली वाढत गेली, म्हणजे इंजिन आणखी पुढच्या चालींपर्यंत पाहत गेलं, तरी आकडा जागचा हलत नाही; अशा वेळी त्या आकड्याला विजय समजायचं नाही. दोन्ही बाजूंनी चाली पुढे खेळत जायचं, प्यादं कुठे फुटतंय ते पाहायचं, आणि एकाऐवजी तीन-चार चाली शेजारी लावून त्यांच्यातला फरक बघायचा. सगळ्यांचा आकडा सारखाच असेल तर बहुधा अजून काही घडलेलंच नसतं. एकच चाल उसळून वर आली तर मात्र तिथे ठाण मांडून बसायचं.

ताई, तुम्ही हे सगळं कुठल्याही मोबदल्याशिवाय केलंत. माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देताना नुसती चालींची ओळ कधीच पाठवली नाहीत. सोबत एक बदललेली स्थिती असायची आणि खाली “आता इथे काय होईल?” एवढंच. त्या एका ओळीमागे तुमचा किती वेळ गेला असेल, हे आता मी स्वतः दुसऱ्यांसाठी तशा स्थिती तयार करायला बसतो तेव्हा कळतं. योग्य प्यादं योग्य घरावर सरकवायला आधी स्वतःला सगळं उमगलेलं असावं लागतं.

सध्या निकोलाय ग्रिगोरिएव्ह या रचनाकाराच्या प्याद्यांच्या रचना घेऊन बसलोय. प्रत्येक रचना आधी इंजिन बंद ठेवून, मग पाळी बदलून, मग एक प्यादं एक घर मागे घेऊन. दोन-तीन ठिकाणी घरांच्या जोड्या अजून नीट लागलेल्या नाहीत. आकृत्या काढून तुमच्याकडे पाठवतोय. सवडीने पाहा, आणि उत्तर माहीत असलं तरी लगेच सांगू नका.

तुमचा कृतज्ञ,
प्याद्यांच्या प्रेमात पडलेला एक खेळाडू