रचनाकार निर्णयाच्या खुर्चीत हवा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील मोटारींचे रचनाकार पीटर श्रायर यांच्यावरील लेख वाचला. लेख चांगला आहे, पण किया या कोरियन मोटार कंपनीच्या गाड्यांना त्यांनी दिलेल्या ‘वाघाच्या नाका’वरच, म्हणजे पुढच्या जाळीच्या आकारावरच, तो रेंगाळतो. ऑडी टीटीच्या घडणीत मोठा वाटा असलेला हा जर्मन रचनाकार २००६ मध्ये कियात गेला आणि पुढे कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचला, हे मला अधिक मोलाचे वाटते. तयार आराखड्याला रंगरूप देणे वेगळे आणि वस्तू कशी असावी हे ठरवणाऱ्या बैठकीत बसणे वेगळे.

हा फरक आम्हाला शेतात जाणवतो. पाठीवरचा फवारणी पंपच घ्या. पट्टे खांद्यात रुततात, झाकणातून औषध पाठीवर झिरपते आणि पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढली की फवारा थेट तोंडावर येतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती, औषधांची मिश्रणे हेही एक. तरीही पंप घडवताना तो पाठीवर घेणाऱ्याचा विचार कोणी केला होता?

अनुदानावर वाटायची अवजारे निवडताना कृषी विभागाने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने रचनाकारांना सोबत घ्यावे. त्यांना नुसते मत नको, नाकारण्याचा अधिकारही हवा. आणि चाचणी सप्टेंबरच्या उन्हात, दाट पऱ्हाटीत, फवारणाऱ्या मजुराच्या पाठीवरच व्हावी.

– एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ