बॅरन बेटाच्या खाली काय चाललंय, ते रोज बघायला हवं

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीत भूगोल शिकवतो. भारतातला जागृत ज्वालामुखी कुठला, तर अंदमानातलं बॅरन बेट, एवढं आमच्या पोरांना पाठ असतं. पण ते बेट म्हणजे नुसतं टोक आहे, पाण्याखाली दोन किलोमीटरहून उंच डोंगर बुडालेला आहे, हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो.

1787 मध्ये त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली, मग 1832 पर्यंत अधूनमधून धगधगत होता, आणि नंतर दीडशे वर्षांहून जास्त काळ गप्प. 1991 ला जागा झाला तो सहाएक महिने पेटलेला होता. पुढे 1994-95, मग 2005, म्हणजे त्सुनामीनंतर पाचच महिन्यांनी.

23 जानेवारी 2017 चा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो. गोव्याच्या एनआयओचं, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं पथक, अभय मुधोळकर प्रमुख, तिथे समुद्रतळाचे नमुने काढत होतं आणि अचानक राख उडायला लागली. मैलभर लांब जाऊन ही मंडळी बघत राहिली, पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक, दिवसा नुसते राखेचे ढग, पण सूर्य बुडाल्यावर त्याच तोंडातून लाव्हाची लाल कारंजी उडताना दिसली. जहाज नेमकं त्या दिवशी तिथे होतं म्हणून आपल्याला हे इतक्या जवळून कळलं.

साहेब, वरचं निदान जहाजातून, सॅटेलाइटवरून दिसतं तरी. पाण्याखालच्याचं काय? निकोबारजवळ समुद्राखाली ज्वालामुखी आहेत, तिथे जानेवारी 2005 मध्ये काही दिवसांत शेकडो भूकंप झाले. मार्च 2014 मध्ये एनआयओने तिथे तळाशी ठेवलेल्या भूकंपमापकांनी दोन दिवस लहान लहान धक्क्यांची माळ पकडली, खाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, हलत असल्याची ती खूण होती. पण अशी यंत्रं आतल्या आत रेकॉर्ड करत बसतात, जहाजाने जाऊन वर काढली की मगच डेटा हातात येतो. अभ्यासाला ते उत्तम, पण किनाऱ्यावरच्या माणसाला सावध करायला त्याचा काय उपयोग?

22 डिसेंबर 2018 ला इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखीचा एक भाग समुद्रात घसरला. मोठा भूकंप झालाच नाही, त्यामुळे वेळेत इशारा मिळाला नाही, लाटा रात्री किनाऱ्यावर आल्या आणि चारशेहून जास्त माणसं गेली. आपलं हैदराबादचं इन्कॉइसचं त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र 2007 पासून चांगलं काम करतंय, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण भूकंपाशिवाय येणाऱ्या लाटेचा विचारही अंदमानसाठी व्हायलाच हवा, कार निकोबारने 2004 ला काय भोगलंय ते आपण जाणताच.

म्हणून कळकळीची विनंती. बॅरनभोवती आणि निकोबारजवळच्या पाण्याखालच्या ज्वालामुखींवर केबलने किनाऱ्याशी जोडलेले कायमचे भूकंपमापक आणि पाण्याचा दाब मोजणारे सेन्सर बसवा, आणि त्यांचा डेटा त्याच दिवशी सगळ्यांना बघता येऊ द्या, अगदी शाळेतल्या पोरांनाही. खर्च मोठा आहे हे कळतं. पण हा डोंगर आपल्याच हद्दीत आहे आणि 1991 पासून परत परत पेटतोय, अजून किती वाट बघायची?

उत्तर आलं तर ते मी वर्गात वाचून दाखवीन, पोरं विचारतायत.

आपला,
रत्नागिरीतला एक भूगोल शिक्षक