दोन आठवड्यांचा हिशेब

प्रिय राणी,

काल फोनवर तू रडत होतीस अन् शेजारी तुझ्या सासूबाई, मग काय बोलणार, म्हणून लिहायला बसले. तू वाच आणि दाजींनाही वाचायला लाव.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर गर्भ ८ आठवड्यांचा अन् दाजी पुण्याहून आले दिवाळीत, त्याला झाले सहाच आठवडे, मग आधीचे दोन कुठले, हेच ना घरच्यांचं म्हणणं? अगं यात काहीच काळंबेरं नाही. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, कारण बाईला तेवढी एक तारीख नक्की सांगता येते, गर्भ कोणत्या दिवशी राहिला ते कुणाला कळणार? तुझी पाळी आली १८ ऑक्टोबरला, २८ दिवसांनी येते, म्हणजे बीज सुटलं १ नोव्हेंबरच्या आसपास. सोनोग्राफी १३ डिसेंबरची. १८ ऑक्टोबरपासून मोज, ५६ दिवस, बरोब्बर ८ आठवडे. १ नोव्हेंबरपासून मोज, ६. पहिले दोन आठवडे पोटात काही नसतंच, तरी सगळ्याच बायांचे धरतात, गावातल्या आशा कार्यकर्तीला विचार, ती पण असंच मोजते.

आणि रिपोर्टवर बाळाची लांबी बघ, डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण चिंचोक्याएवढं. एवढं बाळ ८ आठवड्यांचंच असतं, पाळीवरून काढलेला हिशेब अन् मशीनचा हिशेब जुळला की अजून कसला पुरावा पाहिजे यांना? मला तर लई राग आला. बाई उलट्यांनी बेजार अन् घरात बसून आठवडे मोजतात!

फक्त नेमका अमुकच दिवस असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही हं. पुरुषाचं बीज बाईच्या अंगात ५ दिवसांपर्यंत टिकू शकतं, बाईचं बीज जेमतेम एक दिवस, म्हणून चार-पाच दिवस मागंपुढं धरायचेच.

बाळंतपणाची तारीख तुला २५ जुलै दिलीय, ती कशी तर पाळीच्या तारखेत ७ दिवस मिळवायचे अन् ९ महिने पुढं जायचं, एकूण २८० दिवस. तुझ्या जावेची पाळी ३५ दिवसांनी येते म्हणालीस ना, तिला हे जसंच्या तसं लावू नको, तिचं बीजच उशिरा सुटतं, तिची तारीख आठवडाभर पुढं जाईल. आणि हा पहिला रिपोर्ट जपून ठेव, माता-बाल कार्डातच ठेव. पुढं सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वेगळी तारीख आली तर घाबरू नको, तोवर बाळं कमी-जास्त वाढलेली असतात, त्यावरून वय काढलं तर दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. पहिल्या तीन महिन्यांतलीच तारीख खरी धरायची, दुसरा डॉक्टर असला तरी त्याला हाच कागद आधी दाखव.

२५ जुलैलाच होईल असं मात्र नाही, त्याच दिवशी होणाऱ्या फार थोड्या. ३७ आठवडे म्हणजे ४ जुलै, तिथून पुढं कधीही, म्हणून अंबाजोगाईला जायची गाडी अन् पिशवी जूनअखेरच तयार ठेवायची. आणि २५ उलटली तर घरात वाट बघत बसायचं नाही, लगेच दाखवायचं, बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

येत्या ९ तारखेला तपासणीला जाशील तेव्हा सासूबाईंना सोबत घेऊन जा अन् मॅडमना त्यांच्यासमोरच विचार आठवडे कसे मोजतात ते. मी सुट्टी टाकते, मी पण येते.

तुझीच,
लातूरहून

ता.क. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या की चहासोबत घेऊ नको.