“इंजेक्शनचे पैसे देतो” म्हटलं की मालक सुटला का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला कुत्रा चावल्यावर काय करावं हा लेख वाचला. लेख चांगल्या हेतूने लिहिलाय, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा वगैरे माहिती बरोबरच आहे, पण शेवटी जे म्हटलंय की पाळीव कुत्रा असेल तर शक्यतो मालकाकडून उपचाराचा खर्च घेऊन सामोपचाराने मिटवावं, ते वाचून मला फार राग आला आणि तो आजही गेलेला नाही म्हणून हे पत्र.

आमच्या आईला वरच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा जिन्यात चावला. दार अर्धवट उघडं, पट्टा नाही, तोंडाला जाळी नाही, मागून येऊन पोटरी धरली. साडीचा काठ फाटून त्याच्या दातात अडकला होता म्हणून तो सोडेना. मालक दारातूनच म्हणतात, “काकू घाबरू नका, तो काही करत नाही.” केल्यानंतर म्हणतात हे! दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच की कुत्र्याला रेबीजची लस दिलीय का, कार्ड आहे का. फोन केला तर म्हणाले कार्ड व्हेटकडे राहिलंय, संध्याकाळी आणून दाखवतो. ते कार्ड आम्हाला कधीच दिसलं नाही. आईच्या जखमेत आणि जखमेच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिनची (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजची) सुई टोचत होते तेव्हा तिने पलंगाचा दांडा इतका घट्ट धरला होता की नंतर बोटं उघडता येईनात.

आणि खरा संताप पुढे आहे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, तो ठणठणीत राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरता येतं. उपचार त्यासाठी थांबवायचे नसतात हे खरं, पण घरच्यांचा जीव थाऱ्यावर येतो ना. यांनी काय केलं, तर दुसऱ्याच दिवशी कुत्रा गाडीत घालून नातेवाईकांकडे पाठवून दिला, म्हणजे कार्ड पण नाही आणि कुत्रा पण नाही. वर चेअरमनना पुढे करून निरोप, इंजेक्शनचे पैसे देतो, पोलिसात जाऊ नका, शेजारधर्म आहे. आईने पैसे घेतले नाहीत आणि मला तिचा अभिमान वाटतो.

पोलीस ठाण्यात गेलो तर ड्युटीवरचे साहेब म्हणाले एनसी घेतो, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, ज्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. का म्हणून एनसी? भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करून लोकांच्या जिवाला धोका निर्माण करणं हा दखलपात्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जामीन लगेच मिळतो हे माहितेय, पण एफआयआर तर व्हायला हवा! तुमच्या लेखात मात्र अजून भादंवि 289 आणि हजार रुपये दंड छापलंय, तो कायदा 1 जुलै 2024 लाच बदलला. लोक लेखाचं कात्रण घेऊन ठाण्यात जातात हो, आणि जुनं कलम बघून समोरचा माणूस कागद परत सरकवतो. शिवाय कलमात “ताब्यातल्या” असं आहे, त्यामुळे मालक घरी होता, कुत्रा फिरवणारा पोरगा बरोबर होता, अशी टोलवाटोलवी करून दोघांनाही सुटता येत नाही.

दंडाची रक्कम सरकारजमा होते, चावलेल्या माणसाच्या हातात आपोआप काही पडत नाही हेही लेखात यायला हवं होतं. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा करावा लागतो, नाहीतर गुन्हा सिद्ध झाल्यावर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 395 खाली न्यायाधीश भरपाईचा आदेश देऊ शकतात, ते आपल्या वकिलाने मागायला हवं. आणि वेळ किती लागतो? मुंबईत 2010 साली एका रॉटवायलरने एका माणसाचा चावा घेतला, मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती 2023 मध्ये. तेरा वर्षं! म्हणूनच सगळे “मिटवून घ्या” म्हणतात आणि मालकांनाही ते पक्कं ठाऊक असतं.

मी कुत्र्यांच्या विरोधात नाही, आमच्याकडेही लहानपणी कुत्रा होता. पण माणसाने कुत्रा पाळला की पट्टा, जाळी, दरवर्षीची लस ही त्याची जबाबदारी, ती जिन्यातून जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईची नव्हे. हाच कुत्रा आधी कुरियरवाल्याच्या अंगावर गेला होता, अख्ख्या बिल्डिंगने बघितलं, पण सोसायटीकडे लेखी तक्रार कुणीच दिली नाही, आणि आता मालक बिनधास्त सांगतात की आधी असं कधी झालंच नव्हतं. तेव्हा वाचकांनी एवढं तरी करावं, कुत्रा नुसता अंगावर आला तरी सोसायटीला लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. चावला तर केस पेपरवर “कुत्रा चावला” एवढंच न लिहू देता पाळीव कुत्रा, कुणाचा, कुठे, हे लिहून घ्यावं. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी मागावं, कारण ते काही दिवसांत पुसलं जातं, आमचं तसंच गेलं.

अजून एक. लेख पाळीव कुत्र्याच्या मालकांवर आणि फोटो मात्र दात विचकणाऱ्या भटक्या कुत्र्यांचा! ऑगस्ट 2025 मध्ये भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे 11 तारखेचे आणि 22 तारखेचे आदेश आले तेव्हापासून सगळी चर्चा भटक्यांवरच चाललीय, आणि महागड्या जातीचा कुत्रा मोकळा सोडणारे त्या चर्चेत आरामात लपून बसतात. त्या फोटोतल्या कुत्र्यांनी आमच्या आईला काहीही केलं नव्हतं.

कलमाची दुरुस्ती छापणार असाल तर कृपया आतल्या कोपऱ्यात दोन ओळींत नको, त्याच पुरवणीत त्याच जागी छापा, आणि ते “सामोपचाराने मिटवावं” हे वाक्यही मागे घ्या.

आपली,
एक नियमित वाचक